आज संध्याकाळी हातात पडणारा पैसा

(आपल्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आदरणीय सर, बाई, आणि समोर बसलेल्या माझ्या जुन्या पोट्टे-पोट्टींनो,

आता पोट्टे म्हणायचं वय राहिलं नाही. समोर पाहतो तर अर्ध्यांचे केस पांढरे आणि उरलेल्या अर्ध्यांचे गेलेले. तरी आज तेवढी सूट द्या. १९९६ च्या मार्चमध्ये आपण दहावीला बसलो, त्याला तीस वर्षं झाली.

संयोजकांनी मला विषय दिला तो असा: "अडचणीच्या वेळी झटपट चार पैसे कसे कमवावेत." मी म्हटलं, बाप्पा, हा विषय मला कशाला? आपल्यात डॉक्टर आहेत, बँकेत मोठ्या खुर्चीवर बसलेले आहेत, दोघं तर परदेशातून आले आहेत. मी कळमन्याच्या यार्डात अडतीच्या दुकानात दिवाणजी. दुसऱ्यांच्या पैशाचे आकडे लिहितो. संयोजक म्हणाले, म्हणूनच. आपल्या ग्रुपवर गेल्या वर्षभरात कोण काय विचारतो ते तुला माहीत आहे. खरंच माहीत आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि गुड मॉर्निंगच्या फुलांमधून मधेच रात्री अकरा वाजता कोणीतरी लिहितं, "पार्टटाइम काही काम असेल तर सांगा, एका ओळखीच्या माणसाला पाहिजे." ओळखीचा माणूस कोण, ते सगळ्यांना कळतं. कोणी विचारत नाही. मग सकाळी परत फुलं.

या विषयावर मला एकच गोष्ट कळते, आणि ती मी दहावीच्या आधी शिकलो. अडचणीतल्या माणसाला पैसा किती मिळणार हा प्रश्न दुसरा असतो. पहिला प्रश्न असतो कधी मिळणार.

तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, नववीच्या हिवाळ्यात मी बरेच दिवस शाळेत आलो नव्हतो. बाबा यार्डात हमाल होते. तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं. ट्रकवरून फळीवर उतरताना पाय सरकला आणि पोतं कमरेवर आलं. हमालांसाठी माथाडी कायदा १९६९ पासून आहे, पण त्याचा आधार नोंदणी असलेल्याला. बाबांची नोंदणी नव्हती. त्या दिवसापासून घरात येणारा पैसा बंद झाला. महिन्याच्या पगाराच्या घरात पैसा बंद झाला हे पुढच्या एक तारखेला कळतं. आमच्याकडे त्याच संध्याकाळी कळलं.

माय मिरचीवर जायला लागली. डिसेंबरपासून लाल मिरचीचा हंगाम. भिवापूर, कुही, मांढळकडून माल यायचा. मिरचीच्या ढिगाऱ्यात बायका बसतात आणि एकेका मिरचीचा मुक्का खुडतात. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिखट नुसतं बोटांत जात नाही. ते नखांच्या खाली जातं, डोळ्यांत जातं, छातीत जातं. पाण्यानं हात धुतले तर आग आणखी वाढते, म्हणून ती घरी आली की खोबरेल तेल चोळून बसायची. माझी धाकटी बहीण तेव्हा दोन वर्षांची. दिवसभर वाट पाहून ती मायकडे धावायची, आणि माय दोन्ही हात वर करून उभी राहायची. पोरीला हात लागू नये म्हणून. ती पोरगी रडायची आणि तिचे डोळे मी पुसायचो.

किलोवर पैसे होते. फार थोडे. यापेक्षा बरी मजुरी देणारं काम त्याच भागात होतं, एका बांधकामावर. मी मायला म्हटलं, तिकडे का नाही जात? ती म्हणाली, तिथं हप्ता शनिवारी देतात. आज मंगळवार आहे.

अर्थशास्त्र मी पुढे कॉलेजात दोन वर्षं शिकलो. पण एवढ्या एका वाक्यात कोणी सांगितलं नाही.

माझा मोठा भाऊ एकोणीस वर्षांचा होता. त्या जानेवारीत एक दिवस तो तांदूळ, तेल आणि बाबांच्या गोळ्या घेऊन आला. म्हणाला, ओव्हरटाइम मिळाला. रात्री सदरा काढला तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला कापूस चिकटवलेला दिसला. त्यानं रक्त विकलं होतं. तेव्हा ते चालायचं. शहरात रक्तपेढ्यांच्या बाहेर विकणाऱ्यांची रांग असे आणि पैसे तासाभरात हातात. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं देशात बंद झालं. पण आमच्या घरात ते त्याआधीच बंद झालं होतं. माय काही बोलली नाही. त्याच्यासमोर गूळ-शेंगदाण्याची वाटी ठेवली आणि तो खाईपर्यंत तिथून उठली नाही. झटपट पैसा हा शब्द ऐकला की मला अजून तो कापूस आठवतो.

आता माझं. समोर आपले मराठीचे सर बसले आहेत. सर, तुम्ही माझ्या अक्षरासाठी मला किती वेळा उभं केलं ते मी मोजलं होतं. पण नववीची परीक्षा झाल्यावर तुम्ही मला एका अडत दुकानात घेऊन गेलात आणि मालकाला म्हणालात, "याचं अक्षर पाहा." घरी पैसे पाठवले असते तर बाबांनी घेतले नसते, हे तुम्हाला माहीत होतं. दिवसाला वीस रुपये, संध्याकाळी रोख. पहाटे यार्डात जायचं आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहायच्या. नाव, गाव, माल, कट्टे, वजन, भाव, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, खाली उरलेली रक्कम. तीस वर्षांत कॉम्प्युटर आला, पण पट्टी तशीच आहे.

त्या उन्हाळ्यात कुहीकडचा एक शेतकरी सात क्विंटल हरभरा घेऊन आला. पट्टी झाली ६,३०० रुपयांची. मी मोठ्या डौलात लिहून त्याच्या हातात दिली. मालकाच्या मुनिमानं त्याला विचारलं, आज पाहिजे की उद्या? शेतकरी म्हणाला, आजच पाहिजे, परवा पोरीचं लग्न आहे. मुनिमानं पट्टी परत घेतली, शेकडा दोन कापले आणि १२६ रुपये कमी दिले. कटोती. रोखीची कटोती. उद्या आला असता तर पूर्ण ६,३०० मिळाले असते. एका रात्रीची किंमत १२६ रुपये, म्हणजे माझी सहा दिवसांची कमाई. असं कापणं तेव्हाही नियमात बसत नव्हतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पण शेतकरी भांडला नाही. त्यानं नोटा दोनदा मोजल्या आणि गेला.

तेव्हापासून मी पाहत आलो की घाईत असलेला माणूस दिसला की लोक त्याला पैसा विकत नाहीत, वेळ विकतात. आज पाहिजे? मग थोडा कमी घे. आज पाहिजे? मग जास्त परत दे. आज पाहिजे? मग आधी तूच थोडे भर. या तिसऱ्याकडे मी येणारच आहे.

आधी चांगल्या मार्गांबद्दल बोलतो, कारण विषय तोच दिला आहे. आणि मी फक्त आपल्या भागात पाहिलेलंच सांगतो. यूट्यूबवर पंचवीस मार्ग सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांचा पंचविसावा मार्ग म्हणजे त्यांचा व्हिडिओ.

संध्याकाळी रोख देणारी कामं अजून आहेत. आपल्या यार्डात एप्रिलपासून जूनपर्यंत आंबा असतो, आंध्र-तेलंगणातली बैगनफल्ली येते, तेव्हा उतरवायला, निवडायला, क्रेट भरायला माणसं कमी पडतात. ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहाराची संत्री आणि पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची. संत्री निवडणं हे नजरेचं काम आहे. ज्याचा हात बसला त्याला हंगामभर बोलावतात, आणि त्याला ताकद लागत नाही. छत्तीसगडी बायका त्यात इतक्या तरबेज आहेत की फळ हातात घेण्याआधी तिचा हात कोणत्या क्रेटकडे जाणार ते ठरलेलं असतं. हंगामात पट्ट्या आणि हिशेब लिहिणाराही प्रत्येक दुकानाला लागतो. ज्याला बेरीज येते आणि ज्याचं अक्षर वाचता येतं, असा माणूस आज हमालापेक्षा दुर्मीळ झाला आहे. सर, हे तुमच्यासाठी.

लग्नसराईत केटरिंगवाल्यांना वाढपी लागतात. पैसे त्याच रात्री, जेवण वेगळं. आपल्याच तुकडीतल्या एकाच्या मुलानं इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांचा हातखर्च यातून काढला. बाप इथे बसला आहे आणि मान खाली घालतो आहे. अरे, मान वर कर. बायकांमध्ये साडीला फॉल-पिको करून देणाऱ्या आहेत. मशीन घरात असली तर सकाळी साडी घेतली आणि संध्याकाळी पैसे. उन्हाळ्यात कुरड्या, शेवया, पापड. लिज्जत पापडाची गोष्ट सगळ्यांनी ऐकली आहे, १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. त्यात लोक ८० रुपयांचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते लाटण्याची मजुरी बायकांना रोजच्या रोज देण्याच्या पद्धतीचं. ज्या बाईला आज संध्याकाळी दूध घ्यायचं आहे, तिला वर्षाअखेरचा नफा काय कामाचा?

सणांचा धंदाही आपल्याकडे आहे. तान्हा पोळ्याला लाकडी बैल, संक्रांतीला पतंग, राखीला राख्या. पण त्यात एक पाहायचं. माल आधी विकत घ्यावा लागतो आणि सण गेला की उरलेला माल घरात. एकानं तान्हा पोळ्याला चाळीस बैल रंगवून ठेवले, त्यातले सतरा विकले गेले. बाकीचे वर्षभर त्याच्या पलंगाखाली उभे होते. ज्याच्याकडे पैसा मोकळा आहे त्यानं हे करावं. ज्याला आठवड्यात भाडं द्यायचं आहे त्यानं नाही.

डिलिव्हरीचं काम. पुष्कळजण विचारतात. गाडी, फोन, लायसन्स असेल तर मिळतं. पण खातं सुरू व्हायला काही दिवस जातात आणि पैसे बहुतेक आठवड्यानं येतात. शिवाय हिशेब नीट करा. समजा दिवसभरात सातशे रुपये आले. त्यातलं दोनशेचं पेट्रोल. गाडीचं ऑइल, टायर, ब्रेक याचे दिवसाला पन्नास-साठ तरी धरा, ते आज जाणार नाहीत पण तीन महिन्यांनी एकदम जातील. हातात साडेचारशेच्या आसपास. वाईट नाही, पण सातशे नाही. शिकवणीही चांगली, पण पैसे महिना भरल्यावर. जो दिवाळीसाठी पैसे जमवतो आहे त्याला चालेल.

आणि एक मार्ग लोक विसरतात, स्वतःचाच अडकलेला पैसा. जुन्या नोकरीचा पीएफ, वडिलांच्या नावची बंद पडलेली पासबुकं, पॉलिसी. रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल सुरू केलं, त्यावर बेवारस ठेवी शोधता येतात. आमच्या शेजारच्या काकूंना त्यावर नवऱ्याच्या नावाचे अकरा हजार सापडले. मिळायला दोन महिने लागले, कागद खूप. म्हणजे हे आजचं काम नाही, पण अडचण यायच्या आधी एका रविवारी बसून पाहण्याचं काम आहे.

आता त्या तिसऱ्याकडे येतो, आणि त्याआधी दुसऱ्याकडे.

आपल्या वस्त्यांमध्ये रोजवसुलीचं कर्ज चालतं. दहा हजार म्हणतात, हातात नऊ देतात. मग रोज शंभर, शंभर दिवस. ऐकायला वाटतं, हजारच तर जास्त गेले, शेकडा दहा. मी दिवाणजी आहे, म्हणून एकदा बसून काढलं. तुम्ही रोज फेडत असता, म्हणजे पूर्ण नऊ हजार तुमच्याजवळ फक्त पहिल्या दिवशी असतात. पन्नासाव्या दिवशी जवळपास निम्मे परत गेलेले असतात. तसं धरलं तर व्याज वर्षाला शेकडा पंचाहत्तरच्या वर जातं. बँकेत सोनं गहाण ठेवून मिळणाऱ्या कर्जाचं व्याज याच्या कितीतरी खाली असतं. मायचं मंगळसूत्र बँकेत ठेवायला लाज वाटते आणि चौकातल्या माणसाला रोज सकाळी शंभर रुपये देताना लाज वाटत नाही, हे मला कळत नाही. सावकारीचा परवाना लागतो, महाराष्ट्रात २०१४ चा कायदा आहे, आणि बिगरपरवाना सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करता येते. पण तक्रार करणारा माणूस त्याच चौकात राहतो, हेही मला माहीत आहे.

तिसरा. "आधी तूच थोडे भर."

ही गोष्ट आपल्यातल्या एकाची आहे. त्याला विचारून सांगतो. नाव घेणार नाही, आणि तो आज आला आहे की नाही हेही सांगणार नाही. तेव्हा आजूबाजूला पाहू नका.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये त्याचा रात्री फोन आला. जिथं नोकरी करायचा तिथं तीन महिने पगार नव्हता. म्हणाला, पंधरा हजार पाहिजेत. माझ्याजवळ त्या दिवशी एवढे नव्हते, थोडे होते. पण मी ते सांगितलं नाही. मला माझ्या गोष्टीचा फार अभिमान. माय, मिरची, वीस रुपये रोज. मी त्याला म्हटलं, "उसने कशाला घेतो? उद्या पहाटे चार वाजता यार्डात ये. संत्र्याचा हंगाम आहे, लिहायला बस. रोज संध्याकाळी पाचशे रुपये रोख देतो." आणि वरून दहा मिनिटं कष्टाचं महत्त्व सांगितलं. तो म्हणाला, "बरं." तो आला नाही. मला वाटलं, याला काम नको आहे. मी घरी बायकोला तसं बोललोही.

आठ दिवसांनी त्याच्या टेलिग्रामवर मेसेज आला. घरबसल्या काम, हॉटेलांना चांगले शेरे द्यायचे. पहिल्या दिवशी तीन शेरे दिले आणि दीडशे रुपये खरोखर खात्यात आले. त्याच दिवशी! कधी मिळणार या प्रश्नाचं एवढं चांगलं उत्तर त्याला महिनाभरात कोणी दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हजार भरा, तेराशे मिळतील. मिळाले. मग पाच हजार भरा. मग पडद्यावर त्याच्या नावासमोर मोठा आकडा दिसायला लागला, पण काढायला गेला की नवीन अट. काम अर्धवट आहे, आणखी भरा. खातं गोठलं आहे, सोडवायला कर भरा. बायकोच्या बांगड्या गहाण गेल्या. बासष्ट हजार गेले.

सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. पैसे गेल्याबरोबर, त्या तासात फोन केला तर ते पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता असते. त्यानं तिसऱ्या दिवशी केला. तीन दिवस तो कोणाला सांगावं याचाच विचार करत होता. थोडी रक्कम कुठल्यातरी खात्यात अडकलेली सापडली, बाकी गेली. आणि ते खातं कोणाचं निघालं? कुठल्यातरी गावच्या एका विद्यार्थ्याचं. त्यानं आपलं खातं, एटीएम आणि सिम महिन्याला थोड्या पैशांसाठी कोणाला तरी वापरायला दिलं होतं. तोही झटपट पैसाच कमवत होता. पोलीस त्याच्या घरी आधी गेले. तुमची मुलं कॉलेजात असतील तर त्यांना एवढं घरी जाऊन सांगा: खातं भाड्यानं द्यायची वस्तू नाही. ऑनलाइन पैसे लावण्याचे खेळ २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा करून बंद केले, ते बरं झालं. पण ज्यांना घेरायचं आहे ते दुसऱ्या दारानं येतात. मी मुलांना एकच खूण सांगतो. काम देणारा माणूस आधी पैसे मागत असेल तर ते काम नाही. तीस वर्षांत एकाही हमालानं पोतं उचलण्याआधी मालकाकडे पैसे भरलेले मी पाहिले नाहीत.

हे सगळं मला तीन महिन्यांनी कळलं, वहिनींकडून. मी त्याच्या घरी गेलो. बराच वेळ आम्ही दोघंही क्रिकेटबद्दल बोललो. मग मी विचारलं, तू यार्डात का आला नाहीस? मला वाटत होतं, तो म्हणेल लाज वाटली. ती वाटलीच होती. आपल्या वस्तीतली निम्मी माणसं पहाटे यार्डात असतात. पण त्यानं सांगितलं ते दुसरंच होतं. पंधरा हजार मुलाच्या कॉलेजच्या फीचे होते आणि शेवटची तारीख होती ३० नोव्हेंबर. मला फोन केला तो १८ तारखेला. "तू पाचशे रोज म्हणालास," तो म्हणाला, "बारा दिवसांचे सहा हजार. मी तेव्हाच हिशेब केला होता. तू केला नव्हतास."

मी केला नव्हता. ज्या माणसाला मायनं नववीत सांगितलं की आज मंगळवार आहे, त्या माणसानं मित्राला एवढंसुद्धा विचारलं नाही की तुला कधीपर्यंत पाहिजेत. मी त्याला काम दिलं, त्याला तारीख पाहिजे होती.

नंतर मी तोच हिशेब कागदावर मांडला. पट्टी लिहितो तसाच. माझ्याजवळ त्या दिवशी चार हजार होते. आपल्यातल्या तिघांनी हजार-हजार सहज दिले असते, त्याचं नाव न विचारता. बारा दिवसांचं लिहिण्याचं काम सहा हजार, आणि ते यार्डातच बसून करायचं असंही नाही, पट्ट्यांचा गोषवारा तो घरी रात्री करून देऊ शकला असता. झाले तेरा हजार. राहिले दोन. कॉलेजला अर्ज दिला असता तर निदान दोन हजारांची मुदत मागता आली असती. नाही म्हणाले असते, तर एक बांगडी बँकेत, सगळ्या नाही. सगळं मिळून एका रात्रीचा विचार. मी तो दहा मिनिटांच्या उपदेशात घालवला.

सर, तुम्ही मला दुकानात नेलं तेव्हा आधी आमच्या घरी येऊन गेला होतात. तुम्ही बाबांशी काय बोललात ते मला पुढे बाबांनी सांगितलं. तुम्ही विचारलं होतं, "किराण्याचं देणं कोणत्या तारखेचं आहे?" मला वाटायचं, हे विचारायची काय गरज.

तो मित्र आणि मी आता बोलतो. बांगड्या यंदा दिवाळीच्या आधी सुटल्या. मुलानं एक वर्ष वाया न घालवता परीक्षा दिली, ते कॉलेजच्या एका बाईंनी मदत केली म्हणून.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत. जेवणाला उशीर होतो आहे, आणि आज सावजी आहे असं ऐकतो.

एवढंच सांगतो की मिरचीचा हंगाम सुरू आहे, मग हरभरा-गहू येईल, मग आंबा. आमच्या दुकानात या तिन्ही हंगामांत लिहिणारा लागतो. पहाटे यार्डात बसून किंवा रात्री घरी बसून, जसं जमेल तसं. पैसे त्याच संध्याकाळी. दुकान सगळ्यांना माहीत आहे, नाही माहीत त्यांनी यार्डाच्या गेटवर कोणालाही विचारा. स्वतःसाठी या किंवा ओळखीच्या माणसासाठी या, कोणासाठी ते मी विचारणार नाही. किती पाहिजेत आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच विचारीन.